दुवा नको, प्रत ठेवा



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी गुडघ्यांनी सक्तीची रजा घ्यायला लावली आणि त्यानंतर एक गोष्ट मनाला अशी लागून राहिली की ती लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचेना. विषय थोडा तांत्रिक आहे, पण 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून लगेच उठू नका. ज्यांच्या घरात एक तरी शिक्षक आहे, किंवा ज्यांचे फोटो कुठल्या तरी 'क्लाउड'वर पडून आहेत, त्या सगळ्यांचा हा विषय आहे.

माझी जुनी शाळा पुरंदर तालुक्यातली. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मुलांसाठी काहीतरी ऑनलाइन करायचं ठरलं आणि माझ्या भाच्यानं शाळेला मूडल बसवून दिलं. मावशी रिकामीच आहे म्हटल्यावर आठवी-नववीच्या इतिहासाचं पान माझ्या गळ्यात पडलं. (तक्रार नाही हं! निवृत्तीनंतर कुणी काम सांगितलं की बरंच वाटतं.)

मूडल म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे मार्टिन डूगियामास यांनी २००२ साली ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. फुकट आहे, आणि स्वतःच्या सर्व्हरवर कुणालाही बसवता येतं. प्रत्येक विषयाचं एक पान, त्यावर धडे, फाईली, स्वाध्याय, चाचण्या. थोडक्यात काय, फळा, तक्त्यांचं कपाट आणि गृहपाठाच्या वह्यांचा गठ्ठा, सगळं एका जागी.

आता मुद्द्याची गोष्ट. मूडलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये प्रत्येक विषयाच्या पानाला फाईलींची आपापली वेगळी पेटी असायची. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये मूडल २.० आलं आणि त्यात 'रिपॉझिटरी' नावाची सोय झाली. रिपॉझिटरी म्हणजे कोठार. फाईल जोडायला गेलं की एक खिडकी उघडते आणि तिच्या डाव्या बाजूला कोठारांची यादी दिसते. तुमच्या कॉम्प्युटरवरची फाईल, मूडलमधल्या तुमच्या खाजगी फाईली, आणि अ‍ॅडमिननं जोडून दिलं असेल तर गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, फ्लिकर, विकिमीडिया कॉमन्स वगैरे. बाहेरच्या कोठारात तिथूनच लॉगिन करायचं, फाईल निवडायची, झालं. आधी कॉम्प्युटरवर उतरवा, मग चढवा, ही ओढाताण नाही.

फाईल निवडली की मूडल एक साधा प्रश्न विचारतं. हा प्रश्न नीट वाचा, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच आहे. कोठारानुसार पर्याय कमी-जास्त असतात, पण मुळात विचारणा अशी, की या फाईलची प्रत करून आत ठेवू, की मूळ फाईल जिथे आहे तिथेच राहू दे आणि तिची नुसती खूण, म्हणजे दुवा, ठेवू?

मुलांना दोन्हींत काही फरक दिसत नाही. नावावर टिचकी मारली की फाईल उघडते. फरक असतो तो फाईल राहते कुणाच्या घरात याचा.

आता आमच्या भूगोलाच्या सरांची गोष्ट सांगते.

सर माझ्याहून चार वर्षांनी मोठे. शाळेत लागल्यापासून त्यांना एकच नाद. कऱ्हा नदीवरच्या एका पुलावर ठरलेल्या जागी उभं राहून वर्षातून दोनदा फोटो काढायचा, एकदा जूनमध्ये पावसाआधी आणि एकदा ऑक्टोबरमध्ये पाऊस संपल्यावर. निवृत्त झाल्यावरही हा नेम चुकला नाही. २०१२-१३ च्या दुष्काळातलं कोरडं ठणठणीत पात्र त्यात होतं आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कऱ्हेला पूर आला, त्यानंतरच्या ऑक्टोबरचं खरवडलेलं पात्रही होतं. वाळू कशी कमी होत गेली, काठावरची बाभळीची झाडं कधी गेली, घरं किती पुढे सरकली, हे त्या फोटोंइतकं स्वच्छ कुठल्याच पुस्तकात नव्हतं. नववीला नदीचं कार्य शिकवताना सर ते एकामागून एक दाखवायचे आणि विचारायचे, "काय बदललं? आधी बघा, मग बोला."

२०२० मध्ये सरांनी ते मूडलवर घालायचे ठरवले. त्यांच्या मुलानं सगळे फोटो आधीच एका कंपनीच्या क्लाउडवर चढवून दिले होते, सरांच्या वैयक्तिक खात्यात. आमच्या भाच्यानं ते कोठार शाळेच्या मूडलला जोडलं. निवडक अठ्ठावन्न फोटो ठरले. सर फोनवर, मी फोनवर, दोघेही आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर. पहिले अकरा फोटो त्यांनी घातले ते प्रत करून, कारण मूडलमध्ये तोच पर्याय आधीपासून निवडलेला असतो आणि सरांनी त्याला हात लावला नव्हता.

मग मी शहाणपणा केला.

म्हटलं, "सर, दरवेळी प्रत कशाला? दुवा ठेवा की. सर्व्हरवर जागा वाचेल, आणि तुम्ही तिकडे काही दुरुस्ती केली तर इकडे आपोआप दिसेल." सरांना पटलं. उरलेले सत्तेचाळीस दुव्यांनी जोडले गेले. मला नवीन शिकलेली गोष्ट दुसऱ्याला शिकवल्याचा आनंद झाला. मास्तरकी जात नाही म्हणतात ती अशी.

सर २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. कोविडची दुसरी लाट होती, जास्त लिहीत नाही.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलानं, फार जबाबदार मुलगा, वडिलांचे एकेक व्यवहार मिटवले. बँक, गॅस, वीजबिलावरचं नाव, मोबाइल नंबर. आणि कुणी गैरवापर करू नये म्हणून ते क्लाउडचं खातंही. फोटो घरच्या कॉम्प्युटरवर आहेत असं त्याला वाटलं होतं. तो कॉम्प्युटर मात्र घर रंगवताना भंगारात गेला होता. आणि शाळेच्या पानांवर सत्तेचाळीस ठिकाणांहून त्या खात्याकडे बोट दाखवलेलं आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? सांगायचं काम माझं होतं.

आम्हाला पत्ता लागला तो २०२४ च्या जूनमध्ये. नव्यानं आलेल्या भूगोलाच्या बाईंनी फोन केला, "बाई, सरांचे पहिले अकराच फोटो उघडतात. पुढे सगळे एरर." खातं परत मिळवायची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

रोलच्या जमान्यातले काही छापील फोटो सरांच्या घरी ट्रंकेत सापडले. ते आता पुन्हा स्कॅन करतोय. पण डिजिटल कॅमेरा आल्यानंतरचे फोटो कागदावर कधी उतरलेच नव्हते. म्हणजे जुने राहिले आणि नवे गेले. दुष्काळाचं पात्र गेलं. पुराच्या खुणाही गेल्या.

यात कंपनीची चूक नाही आणि मुलाची तर मुळीच नाही. मूडलचीही नाही. त्यानं प्रश्न विचारला होता, उत्तर मी दिलं होतं.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालंय. जे शाळेचं आहे, जे पुन्हा मिळणार नाही, त्याची प्रत शाळेच्या घरातच हवी. बाहेरची कोठारं जोडावीत, अवश्य जोडावीत, पण माल आत आणण्यासाठी. त्यांच्या भरवशावर आपलं कपाट रिकामं ठेवू नये.

आता यावर माझ्याशी वाद घालणारे बरेच आहेत. पहिला म्हणजे माझा भाचाच. त्याचे मुद्दे प्रामाणिकपणे मांडते.

पहिला मुद्दा जागेचा. प्रती करत बसलो तर सर्व्हर भरेल. हे मलाही खरं वाटायचं. मग मी हिशेब केला. सरांचा एक फोटो साधारण चार एमबीचा. सत्तेचाळीस फोटो म्हणजे एकशे अठ्ठ्याऐंशी एमबी. एवढ्या जागेसाठी मी त्यांचं तीस वर्षांचं काम बाहेर ठेवलं! दुसरं म्हणजे, मूडल २.० पासून फाईली साठवायची पद्धत मोठी हुशारीची आहे. फाईलच्या आत जे आहे त्यावरून गणित करून तिला चाळीस अक्षर-अंकांचं एक नाव मिळतं आणि फाईल त्या नावानं ठेवली जाते. तीच फाईल दहा पानांवर लावली तरी गणिताचं उत्तर एकच येतं, म्हणून डिस्कवर ती एकदाच राहते. तेव्हा 'प्रतीमागून प्रती साचतील' ही भीती निम्मी तरी खोटी आहे. मोठ्या व्हिडिओंची गोष्ट वेगळी. ते बाहेर ठेवावे लागतात हे मान्य. पण मूळ व्हिडिओची एक प्रत शाळेच्या हार्ड डिस्कवर असावी.

दुसरा मुद्दा बदलाचा. वेळापत्रक, सहलीची यादी, चालू असलेला प्रकल्प, या गोष्टी आठवड्याला बदलतात. प्रत ठेवली तर मुलांना जुनीच दिसत राहील. इथे भाच्याचं शंभर टक्के बरोबर. जे बदलतं त्याला दुवा, जे टिकायला हवं त्याला प्रत. गंमत अशी की मूडलमधल्याच तुमच्या खाजगी फाईलीचा दुवा दिला असेल आणि ती मूळ फाईल तुम्ही पुसली, तर मूडल पुसण्याआधी दुव्यांच्या जागी खरी फाईल ठेवून देतं. म्हणजे घरातल्या घरात दुवाही सुरक्षित असतो. उंबऱ्याबाहेरच्या फाईलीसाठी बिचारं काय करणार? ती कुणी, कधी पुसली, हे त्याला विचारायला कुणी येत नाही.

तिसरा मुद्दा हक्काचा, आणि हा महत्त्वाचा आहे. दुसऱ्याची वस्तू उचलून आपल्या घरात ठेवायची नाही. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मिळतात, तर तिथलाच दुवा द्यावा. विकिमीडिया कॉमन्सवरची चित्रं बहुतेक परवान्याच्या अटी पाळून वापरता येतात, त्यांची प्रत घ्यावी. मूडलच्या त्याच खिडकीत 'लेखक' आणि 'परवाना' असे दोन रकाने असतात, तेही भरावेत. 'लेखक'च्या जागी मूडल आपणहून फाईल घालणाऱ्याचं नाव टाकतं. तसंच सोडलं, तर उद्या सरांचे स्कॅन केलेले फोटो माझ्या नावावर दिसतील. हे मला एका रात्री एकदम लक्षात आलं आणि उठून मी सगळ्यांवर सरांचं नाव घातलं.

चौथा मुद्दा भाच्यानं नंतर काढला. म्हणाला, "मावशी, मूडल ३.३ पासून, २०१७ पासून, नियंत्रित दुव्याची सोय आहे." समजून घेतली. अ‍ॅडमिन शाळेच्या नावाचं एक खातं गूगल ड्राइव्हला किंवा वनड्राइव्हला जोडून ठेवतो. शिक्षकानं आपल्या ड्राइव्हमधली फाईल तशा दुव्यानं दिली की तिची प्रत त्या शाळेच्या खात्याकडे जाते आणि मुलांना वाचण्यापुरती परवानगी मिळते. शिक्षक सोडून गेला तरी फाईल राहते. सोय चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण बघा, इथेही शेवटी प्रतच केली ना? ती शाळेच्या नावावर केली, म्हणून टिकली. मग एक पाऊल पुढे जाऊन ती शाळेच्या सर्व्हरवरच का नको? शिवाय त्या जोडणीच्या किल्ल्या एखाद्याच माणसाकडे असतात. आमच्याकडे त्या फक्त भाच्याकडे होत्या. आता मुख्याध्यापकांच्या कपाटात एका पाकिटात लिहून ठेवल्यात.

आणि कंपन्यांचं म्हणाल, तर त्या धर्मशाळा आहेत. उतरावं, पण सातबारा आपला समजू नये. मूडलच्या कोठारांच्या यादीत एके काळी पिकासाही होतं. २०१६ मध्ये गूगलनं पिकासा वेब अल्बम बंद केलं. फ्लिकरनं २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं, फुकट खात्यात हजारच फोटो, आणि पुढच्या वर्षी वरचे फोटो काढून टाकायला सुरुवात केली. गूगलनं २०२३ मध्ये सांगितलं, की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती त्या डिसेंबरपासून पुसली जाऊ शकतात. त्यांचा धंदा आहे, त्यांनी तो कसा करावा हे ते ठरवणार. पण निवृत्त शिक्षक, आजारी शिक्षक, गेलेला शिक्षक, यांची खाती दोन वर्षं कोण उघडणार? आपल्याकडच्या शाळांत साहित्य सगळं शिक्षकांच्या वैयक्तिक खात्यांतच असतं, हे विसरू नका. शिक्षक बदली होऊन जातो आणि कपाट त्याच्याबरोबर जातं.

मी इतिहासाची बाई, म्हणून एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरं शोधत. कागद कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या बळदात. घरोघर कागद आहेत, कधी लागले तर तिथे जाऊन पाहू, असं म्हणून पत्त्यांची यादी करून ते घरी बसले असते, तर आज आपल्याकडे फक्त यादी उरली असती. त्यांनी कागद उतरवून घेतले, छापले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा, आणि पुढे बावीस खंड झाले. मूळ कागदाला वाळवी लागली तरी छापलेली प्रत आहे. पत्त्यांच्या यादीला दुवे म्हणा आणि खंडांना प्रती म्हणा, झालं माझं म्हणणं.

आता शाळेत आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगते. कुणाला उपयोग झाला तर बरंच.

दर सत्राच्या शेवटी एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी बसतात आणि प्रत्येक पानावरचा प्रत्येक दुवा उघडून बघतात. शाळेत तयार झालेलं साहित्य दुव्यानं दिलेलं दिसलं, की त्याची प्रत करतात. वर्षाअखेरीस प्रत्येक विषयाचा बॅकअप काढून तो हार्ड डिस्कवर उतरवतात. बॅकअपमध्ये, जे आत आहे तेच येतं. बाहेरच्या फाईलीचा दुवा असेल तर दुवाच येतो, फाईल नाही. निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला निरोपाच्या नारळाआधी एक विनंती असते, की तुमच्या ड्राइव्हमधलं शाळेचं काय आहे ते आत आणून द्या.

आणि घरच्यांसाठी एक. माझ्या गूगल खात्यात 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. खातं ठरावीक काळ वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं, कुणाला काय द्यायचं, ते आधीच लिहून ठेवता येतं. मी धाकटीचं नाव घातलंय. धाकटे, वाचते आहेस ना? घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फक्त गुडघे सोडून :-)

सरांच्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. दुवा ठेवायचा सल्ला माझा होता, हेही सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, पुढच्या जूनला त्या पुलावर मी जाऊ का? जागा मला माहीत आहे. लहानपणी बाबांची छत्री मीच धरायचो."

२०२५ च्या जूनमध्ये तो गेला. ऑक्टोबरमध्येही गेला. दोन्ही फोटो शाळेच्या मूडलवर आहेत. लेखकाच्या रकान्यात त्याचं नाव आहे.

आणि दोन्ही प्रती आहेत, मी स्वतः तपासून पाहिल्या.

तूर्त इतकंच.